किंक्रांतीचं दारूकाम

"चखके देखना पडता," असं म्हणत बिदरीच्या कारागिरांनी चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवली, डोळे मिटले आणि आमटीत मीठ बरोबर पडल्यावर आपण हलवतो तशी मान हलवली. बिदरच्या चौबाऱ्यामागच्या गल्लीतलं बिदरीकामाचं दुकान. समोर सुरई, पानदान आणि अर्धवट कोरलेली एक तबकडी. भोगीचा दिवस होता. सकाळी भालकीला मामाकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन आम्ही दोघं निघालो होतो. खरं तर आम्हाला जायचं होतं सोलापूरला, किंक्रांतीचं दारूकाम बघायला. भालकीहून सोलापूरला जाणारा माणूस बिदरकडे तोंड करून निघत नाही, पण मला वाट वाकडी करायची होती. मामा म्हणाला, "तुझं काय ते बघून घे. मला मात्र किंक्रांतीला संध्याकाळी मैदानावर पोचीव."

या सगळ्याला कारण मीच. दिवाळीत फोनवर बोलताना मी मामाला सांगितलं होतं की पुण्यात एका मोठ्या मैदानावर संगीताच्या तालावरची आतषबाजी बघितली. संगणकावर सगळं ठरवलेलं, गाण्याच्या प्रत्येक ठेक्याला आकाशात एक फूल. मामा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गाण्यावर बाण नाचिवतेत व्हय? मग आमचंबी एकदा बघ की. आमच्याकडं हलगी असती."

तर ती माती. बिदरीचं भांडं जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं असतं. जस्त साधारण सोळा भाग, तांबं एक भाग. ओतून, घासून, कोरून त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. तोवर भांडं राखाडीच दिसतं. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते गरम भांड्यावर चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदीला मात्र काही होत नाही. ही माती कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या जुन्या बांधकामाच्या आतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली हवी. ती ओळखायची खूण म्हणजे जीभ. चव खारट, किंचित जिभेला चावणारी. मीही चाखली. मामाने चाखली नाही. "माती खायचं वय गेलं," म्हणाला.

जुन्या भिंतींच्या बुडाची, गोठ्यांची, पडक्या वाड्यांची खारवलेली माती पूर्वी आणखी एका कामासाठी गोळा करत. ती पाण्यात भिजवायची, गाळायची, ते पाणी आटवायचं, की तळाशी सोरा मिळायचा. आणि सोरा, कोळसा, गंधक हे तिघं एकत्र आले की बंदुकीची दारू. त्यात साधारण तीन चतुर्थांश वाटा एकट्या सोऱ्याचा. कोळसा आणि गंधक जळतात, सोरा त्यांना जळायला प्राणवायू पुरवतो. दारूकामाचं सगळं शास्त्र या तिघांच्या प्रमाणात आणि दाणा किती बारीक यात आहे. बिदरी चोळणाऱ्या कारागिराच्या आणि बाण भरणाऱ्या दारूवाल्याच्या हाताखाली मातीची एकच जात असावी, असं तिथे बसल्या बसल्या वाटून गेलं. रसायनशास्त्राने मला यात चूक ठरवलं तर ऐकून घेईन, पण जिभेला ते पटलं होतं.

चौबाऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर महमूद गावानचा मदरसा. 1472 मध्ये पूर्ण झालेली तीन मजली इमारत. इराणहून आलेल्या या बहमनी वजिराने इथे विद्वान बोलावले, मोठं ग्रंथालय उभं केलं. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकाकत्या फरशांची नक्षी होती, अजून थोडी आहे. थोडी म्हणायचं, कारण इमारतच अर्धी उरली आहे. दोनपैकी एक मिनार उभा आहे, दुसरा नाही, आणि त्याच्या बाजूची दर्शनी भिंतही नाही. औरंगजेबाच्या सैन्याने इथे दारूगोळा साठवला होता. 1696 मध्ये वीज पडून तो उडाला आणि मदरशाचा हा भाग घेऊन गेला.

यातली खरी गंमत इतिहासकार फिरिश्त्याच्या ग्रंथात आहे. याच महमूद गावानने मदरसा पुरा झाला त्याच सुमारास बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला. तिथे त्याने तटाखाली सुरुंग खणून, दारू भरून तट उडवला. दख्खनमध्ये ही युक्ती तोवर कुणाला ठाऊक नव्हती, असं फिरिश्ता लिहितो. म्हणजे दख्खनला सुरुंगाची दारू दाखवणाऱ्या माणसाची शाळा सव्वादोनशे वर्षांनी दारूनेच उडवली. गावानला ते बघावं लागलं नाही. 1481 मध्ये खोट्या पत्राच्या आधाराने सुलतानाने त्याचं डोकं उडवलं होतं.

मामा मदरशाच्या पायरीवर बसून एका म्हाताऱ्याशी कानडीत बोलत होता. मी जवळ गेल्यावर म्हणाला, "ह्यांना सांगितलं, सोलापूरला मद्दु बघायला चाललोय. ते म्हणलेत, मद्दु सोलापूरला कशाला, बिदरच्या दवाखान्यातबी मिळतंय."

विनोद कळायला मला दोन क्षण लागले. कानडीत मद्दु म्हणजे औषध, आणि मद्दु म्हणजेच दारूकामातली दारू. मग आपल्या शब्दाकडे बघितलं. फारसीत दारू म्हणजे औषध. आपण दवादारू म्हणतो तेव्हा त्यातली दारू प्यायचीही नसते आणि उडवायचीही नसते. पुढे जिथून ही स्फोटक पूड मुळात आली त्या चीनकडे गेलं, तर तिथे तिचं नाव हुओयाओ, अर्थ आगीचं औषध. तीन अगदी वेगळ्या कुळांतल्या भाषा, आणि तिन्हींना या पुडीला नाव द्यायला औषधाच्याच डब्यात हात घालावासा वाटला. खलात कुटून, मोजून, कागदाच्या पुडीत बांधून देतात ते औषधच. या सीमाभागात तर तिघींपैकी दोघी भाषा एकाच पायरीवर बसून बोलतात. 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर आणि गुलबर्गा म्हैसूरकडे. आमच्या मामाच्या तोंडातली कानडी, मराठी आणि दख्खनी यांची वाटणी मात्र कुठल्याच आयोगाने केली नाही.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, बिदर-कलबुर्गी गाडी. हा लोहमार्ग 2017 मध्ये सुरू झाला. त्याआधी बसने हुमनाबादमार्गे हाडं खिळखिळी करत जावं लागे. हुमनाबाद स्टेशन येताच मामाने हात जोडले, कारण शेजारीच माणिकनगर. माणिकप्रभूंची पदं मराठीत, कानडीत आणि हिंदीतही आहेत आणि तिथल्या दत्तजयंतीच्या दरबारात गाणं रात्रभर चालतं. पुढे मरगुत्तीचा लांब बोगदा लागतो. आत शिरल्यावर डब्यातल्या पोरांनी एका सुरात किंकाळी फोडली आणि बाहेर पडेपर्यंत थांबवली नाही. कमलापूरला लाल केळी विकायला आली. साल तांबूस, आतला गर पिवळसर, गोडी नेहमीच्या केळ्याहून जड. मामाने डझनभर घेतली आणि तिळगुळाच्या पुडीसारखी पिशवीत जपून ठेवली.

कलबुर्गीच्या, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याच्या, किल्ल्यात जामा मशीद आहे, 1367 ची. भारतातल्या बहुतेक मोठ्या मशिदींना पुढे उघडं अंगण असतं, हिला नाही. सगळी घुमटांच्या छताखाली. आत कमानीमागे कमान, तिच्यामागे आणखी कमान. मी हळूच टाळी वाजवून बघितली. आवाज गेला, रेंगाळला, मग विरला. बरोबर त्याच काळातली गोष्ट फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे: गुलबर्ग्याच्या बहमनी सुलतानाने, पहिल्या महंमदशहाने, 1366 च्या विजयनगराविरुद्धच्या मोहिमेत 'कारखाना-इ-आतशबाजी' उभारला. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून अडीचशे वर्षांनी लिहीत होता. त्यामुळे तो म्हणतो त्या खऱ्या तोफा होत्या की नुसते अग्निबाण आणि शोभेची दारू, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला त्या भांडणात पडायचं नाही. एवढंच, की लढाईच्या खात्याला फारसीत दिलेलं नाव आज आपण लग्नाच्या वरातीतल्या नळ्यांना वापरतो.

आतषबाजीच्या विषयावर भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी बारकाईने काम केलं. भारतातल्या दारूकामाचा 1400 ते 1900 चा इतिहास त्यांनी पोथ्यांतून, बखरींतून, प्रवाशांच्या नोंदींतून वेचून काढला. 1443 मध्ये विजयनगरला आलेला इराणी वकील अब्दुर्रझाक महानवमीच्या उत्सवात दारूकाम बघून थक्क होतो, ती नोंद त्यात आहे. आमच्या पैठणच्या नाथांनी 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या थाटात दारूकाम आणलं आहे, तेही. आणि पेशव्यांच्या बखरीतली एक हकीगत मला सगळ्यांत आवडते. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात: तिथला राजा गावाबाहेर दारूची लंका उभारतो, मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, सगळे दारूचे. मग मारुतीच्या शेपटीला बत्ती देतात आणि तो उडत जाऊन लंका पेटवतो. तरुण पेशव्याला ते बघायची हौस आली. मग पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तसंच दारूकाम झालं आणि पुणं लोटलं.

किंक्रांत उजाडली. पंचांगाप्रमाणे हा कर दिवस, नवं काही सुरू करायचं नाही. सकाळच्या गाडीला सुतकी चेहऱ्याने कोणी नव्हतं. गाणगापूर रोडला दत्ताचे भक्त उतरले, तेवढेच सोलापूरला जाणारे चढले. दुधनीला राज्य बदललं, भाषा बदलली नाही. अक्कलकोट रोड, होटगी, आणि सोलापूर. कलबुर्गीपासून 110-115 किलोमीटर. समोर बसलेल्या बाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली आणि न विचारता आमच्या हातावर ठेवली.

ज्यांच्या यात्रेत हे दारूकाम होतं ते सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले. सोलापुरात त्यांनी तळं खोदवलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. पुढे ते बसवेश्वरांच्या कल्याणला गेले आणि शरणांच्या सभेचं, अनुभवमंटपाचं, शून्यपीठ त्यांच्याकडे आलं, असं शरण परंपरा सांगते. ते कल्याण म्हणजे आमच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, म्हणून मामाच्या हिशेबी सिद्धेश्वर सोलापूरचे जेवढे तेवढेच आमचे.

यात्रेमागची गोष्ट मात्र लग्नाची आहे. रोज अंगणात सडा घालणाऱ्या एका कुंभारकन्येने सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी. त्यांनी आपला योगदंड पुढे केला, याच्याशी कर म्हणाले. भोगीला संमती कट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता पडतात, योगदंडाचं रूप म्हणून सात नंदीध्वज येतात. संक्रांतीला होम मैदानावर होम, त्यात ती कन्या सती गेली असं मानतात. आणि किंक्रांतीला त्याच मैदानावर शोभेचं दारूकाम. लग्न आधी, चिता मग, आणि वरातीची दारू सगळ्यांत शेवटी. हा क्रम मी मामाला दोनदा विचारून घेतला. "असंच आहे," तो म्हणाला. "लग्न कुणाचं बी असू दे, दारू उडवायलाच लागती."

संध्याकाळी होम मैदानाच्या कडेला जागा धरली. मागे गड्ड्यातले, म्हणजे यात्रेच्या जत्रेतले, पाळणे, मौत का कुआँ, भज्यांचा तेलकट वास. एका बाजूला भुईकोट किल्ल्याची काळी भिंत, पलीकडे तळं. वाट बघण्यात तास गेला. तेवढ्या वेळात मी मामाला माझ्या संगणकी आतषबाजीचं गणित समजावलं. गोळा नळीतून सुटला की वर जाऊन फुटायला तीन-चार सेकंद लागतात. म्हणून ठेका जिथे पडायचा त्याच्या तेवढे सेकंद आधी विजेने बत्ती द्यायची. शेकडो गोळे, प्रत्येकाचा वेळ वेगळा, सगळं आधी मांडून ठेवलेलं. त्या रात्री बटण दाबणाऱ्याला फक्त दाबायचं असतं.

"आणि लांब बसल्याला?" मामाने विचारलं.

हा प्रश्न बरोबर होता. उजेड तिथल्या तिथे पोचतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे किलोमीटरभर लांबच्या माणसाला तो तीन सेकंद उशिरा. पुण्यात मी महागड्या खुर्चीत होते, म्हणून फूल आणि ठेका एकत्र पडले. मैदानाबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्यांना काय ऐकू आलं असेल, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

आतषबाजीसाठी लिहिलेलं जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध संगीत हँडेलचं. 27 एप्रिल 1749, लंडनचं ग्रीन पार्क, ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचं युद्ध संपल्याचा उत्सव. राजाला तंतुवाद्यं नको होती, फक्त रणवाद्यं हवी होती. पण ते संगीत दारूसोबत ताल धरून वाजलंच नाही, आधी वाजलं. मग दारू सुरू झाली आणि लाकडी मंडपाचा एक भाग पेटला. मंडप उभारणाऱ्या वास्तुकाराने संतापून दारूकामाच्या अधिकाऱ्यावर तलवार उपसली. मामाला ही गोष्ट फार आवडली. पुढे रात्रभर तो अधूनमधून "तलवार काढली म्हण की" असं स्वतःशीच म्हणत होता.

नंदीध्वज आले. उंचच उंच वेळू, अंगावर बाशिंग आणि हार. पेलणारे बाराबंदी आणि पांढऱ्या धोतरातले. काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यात टेकवून ती एकट्याने तोलायची, बाजूने दोर धरणारे. पुढे हलग्या. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असं कुणीतरी ओरडलं आणि मैदानभर उत्तर गेलं.

मग पहिला गोळा फुटला. लाल. मग नळे, भुईचक्रं, पांढऱ्या ठिणग्यांची झाडं, आणि बांबूच्या चौकटीवर पेटत जाणारी आकृती. हे रंग आपल्याला जुने वाटतात, तसे नाहीत. लालला स्ट्रॉन्शियम, हिरव्याला बेरियम, निळ्याला तांबं लागतं, आणि ते फुलवणारी रसायनं दारूकामात एकोणिसाव्या शतकात रुळली. सवाई माधवरावांच्या लंकेत असले भडक लाल-हिरवे रंग नव्हते. सोरा आणि लोखंडाच्या किसाचा सोनेरी, पिवळा, पांढरा, एवढंच. थोड्या वेळाने तसलाच एक साधा सोनेरी नळा उडाला, बराच वेळ, काही न फुटता, नुसता ओतत राहिला. मामा म्हणाला, "हे खरं." मलाही तेच म्हणायचं होतं.

माझ्यापासून चार हातांवर एक हलगीवाला होता. साठीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डाव्या खांद्याला चामड्याचा पट्टा. हलगी शेकोटीवर तापवून आणली होती, अजून कडेला धग होती. उजव्या हातात जाड काठी, डाव्यात बारीक काडी. सगळं मैदान वर बघत होतं. हा पाठ करून उभा होता, तोंड नंदीध्वजाकडे. आकाश फुटत होतं, त्याच्या खांद्यावर लाल उजेड पडत होता, मग हिरवा, आणि तो एकदाही वळला नाही. त्याचा ताल काठी पेलणाऱ्याच्या पावलांशी बांधलेला होता. धमाका त्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडला तर पडला. कधी बरोबर समेवर पडायचा, तेव्हा आजूबाजूची पोरं ओरडायची. त्याच्या चेहऱ्यावर काही नाही.

मामा कानाशी आला. "बघलालास का? वर बघून वाजिवलं तर चुकतंय."

एक मोठा गोळा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला फुटला. मी मोजलं. उजेड, मग एक, आणि धाड. त्या एका सेकंदात हलगीचे चार ठोके बसले.

तक्रारीही सांगते. धूर खाली उतरला आणि मैदानावर बसून राहिला. मला खोकल्याची ढास लागली. तळ्याकडून बगळ्यांचा एक थवा वेड्यासारखा अंधारात फिरत होता, कुठे बसावं कळत नव्हतं. एवढ्या गर्दीच्या इतक्या जवळ दारू पेटवणं मला पटलेलं नाही. गोळे निम्मे केले तरी कुणाचं काही बिघडणार नाही. सोनेरी नळे राहू द्यावेत.

बाहेर पडताना मामा रसवंतीवर थांबला. मी विचारलं, पुण्याला यायचं का पुढच्या दिवाळीला, माझी संगणकी आतषबाजी बघायला. ग्लास रिकामा करून तो म्हणाला, "येतो की. पण खुर्ची नको. रस्त्यावरून बघू."

तुम्हाला जायचं असेल तर तारीख पाठ करू नका. संक्रांत कधी चौदाला येते, कधी पंधराला, आणि दारूकाम किंक्रांतीला असतं. जागा संध्याकाळी सहाच्या आत धरा, नाकाला ओला रुमाल ठेवा, आणि हलग्यांच्या जवळ बसा.